सुकाणूचा टवका आणि ९०० युरो

आमचे पैसे भर समुद्रात बुडाले नाहीत. बोट धक्क्याला नीट बांधून झाल्यावर गेले. ग्रीसमध्ये शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घ्यायचा कुणाचा बेत असेल, तर हे आधी वाचा.

आम्ही चौघं होतो. बोट चालवायचा परवाना माझ्याकडे. तिथे बोटीवर आणखी एक जाणकार लागतो, ती मित्राची बायको. अथेन्सच्या आलिमोस मरीनातून, म्हणजे हौशी बोटींच्या बंदरातून, ३८ फुटी बोट घेतली, शनिवार ते शनिवार. भाडं वेगळं, शिवाय २,५०० युरो अनामत म्हणून कार्डावर अडकवलेले. बोट ताब्यात देणारा पोरगा घाईत होता. दोर, फेंडर, लाइफ जॅकेटं, गॅस, यादीवर भराभर खुणा करत सुटला. मी तळाचं विचारलं, तर म्हणाला, "कालच पाणबुड्याने बघितलाय." मी सही ठोकली.

आठवडा झकास गेला. ऑगस्टात एजियन समुद्रात मेल्तेमीचा वारा धिंगाणा घालतो, सारोनिक आखातात त्याचा जोर जरा कमी, म्हणून एजिना, पोरोस, हायड्रा असा मार्ग धरला. छोट्या बंदरांत बोट सहसा धक्क्याला आडवी लावत नाहीत. नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, नांगर सोडायचा, उलटं उलटं येत वरामा, म्हणजे मागचं टोक, धक्क्याजवळ आणायचा आणि मागचे दोन दोर बांधायचे. (नाळ, वरामा हे शब्द वेंगुर्ल्याच्या आजोबांचे. त्यांना ही पद्धत दाखवली असती, तर आधी हसले असते.) हायड्राच्या एवढ्याशा बंदरात तर एकाचा नांगर दुसऱ्याच्या साखळीवर पडलेला असतो आणि सकाळी निघताना सात-आठ भाषांत शिव्या ऐकायला मिळतात.

एका बंदरात छोटा चुना लागला. धक्क्यावरच्या माणसाने आमचा दोर झेलला, बांधला आणि बंदराची फी म्हणून ४० युरो मागितले. गळ्यात कसलंसं ओळखपत्र होतं, दिले. सकाळी बंदराच्या कार्यालयातली बाई पावतीपुस्तक घेऊन आली, बोटीचे कागद बघितले, लांबी विचारली आणि ११ युरो घेतले. आम्ही हसून सोडून दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी परत आलो. शनिवारी सकाळी पाणबुड्या खाली गेला, वर येऊन त्या पोराशी ग्रीकमध्ये काहीतरी बोलला. सुकाणूच्या पात्याचा खालचा कोपरा तुटलाय म्हणे. ९०० युरो.

खरं सांगतो, क्षणभर माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही. धक्क्याच्या पायथ्याशी पाण्याखाली दगड असतात, उलटं येताना सुकाणू त्यांना लागू शकतं. कुठल्या तरी बंदरात हलकासा धक्का जाणवला होता का? बोट चालवणाऱ्याच्या मनात ही शंका असतेच, आणि समोरच्याला ती पक्की ठाऊक असते. त्यात टॅक्सी फाटकाशी उभी, विमानाची वेळ झालेली. "नुसतं बोट परत मिळाल्याचं लिहिलंय," म्हणून त्याने कागद पुढे केला. मी तो न वाचता सही केली. वर फोटो तेवढा फोनवर मागून घेतला.

तो फोटो विमानात मोठा करून बघितला. टवक्याच्या आत हिरवं शेवाळ होतं, कडेला शंखासारखे बारीक जीव चिकटलेले. ताजी मोड पांढरी, स्वच्छ दिसते. आठ दिवसांत एवढं काही उगवत नाही. त्या टवक्याचे पैसे आमच्या आधी कितीजणांनी भरले असतील, देव जाणे.

कंपनीला चार मेल केले, उत्तर आलं एकाचं: तुम्ही नुकसान मान्य करून सही केलीय. कार्डाच्या बँकेनेही तोच कागद पुढे केला. अनामतीचा वेगळा विमा मिळत होता, तो मी कंजूषपणा करून घेतला नव्हता.

पुढच्या वर्षी ग्रीसच्याच लेफ्काडा बेटावरून बोट घेतली. मरीनातल्या घाण पाण्यात उतरणं शक्य नव्हतं, म्हणून पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा बोटीवरच्या लांब दांड्याच्या आकड्याला चिकटपट्टीने गुंडाळला आणि तळाखालून फिरवला. तिथला माणूस कपाळाला आठ्या घालून बघत होता. सुकाणूच्या डाव्या बाजूला वीतभर ओरखडा निघाला. मी त्याला पडदा दाखवला, त्याने मुकाट्याने पेन काढलं आणि यादीच्या तळाशी लिहून सही केली.