खानापूरच्या मातीच्या कुंड्या: पावसाळा, थंडी आणि उन्हाळा पार पडल्यावर

बेळगावात घरातली झाडं उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त मरतात. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, पश्चिमेला घाट अगदी जवळ, आणि वर्षाचा बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. जुलैत तर हवाच ओली असते. चपलांना बुरशी येते, पापड सादळतात, आणि घरातल्या कुंडीतली माती आठ-आठ दिवस सुकायचं नाव घेत नाही. अशा वेळी कुंडी कशाची आहे, याला खताइतकंच महत्त्व येतं. म्हणून गेल्या वळिवाच्या सुमारास घरातली निम्मी झाडं मी बेळगावजवळच्या खानापूरच्या भाजक्या मातीच्या कुंड्यांत लावली आणि निम्मी प्लास्टिकमध्येच ठेवली. आता तिन्ही ऋतू होऊन गेलेत, तेव्हा कुठलं झाड कशात सुखी राहिलं ते सविस्तर लिहितेय.

आमचं घर वडगावातलं, जुन्या बांधणीचं. पुढं सोपा, मधे अंधारं माजघर, मागं बारकं परडं. सोप्यात सकाळचं कोवळं ऊन येतं, माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. झाडं सगळी सोप्या स्वभावाची: मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, स्पायडर प्लांट, सिंगोनियम, जेड, सासूबाईंची कोरफड आणि शेजारच्या अक्कांनी दिलेलं ब्रह्मकमळ.

आधी कुंड्यांविषयी. खानापुरात कुंभारकाम पूर्वापार आहे; खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचं शिक्षण देणारी संस्थाही तिथं आहे. मी कुंड्या घेतल्या त्या मात्र थेट एका कुंभाराच्या घरापुढून. त्याच मापाच्या जाड प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा त्या महाग पडल्या नाहीत. घेताना प्रत्येक कुंडी उचलून बोटाच्या पेरानं वाजवून बघावी. नीट भाजलेली असेल तर खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर कुठंतरी बारीक तडा आहे किंवा ती कच्ची राहिली आहे, आणि अशी कुंडी पहिल्या पावसाळ्यातच कडेनं भुगा होऊन सुटायला लागते. तळाचं भोक बघायला विसरू नका. काही कुंड्यांचं भोक करंगळी जाईल एवढंही नसतं आणि घरी आणून मोठं करायला गेलं तर तळच फुटतो. वरून तेलकट रंग लावलेल्या कुंड्या तर घेऊच नका. मातीच्या भिंतीला असलेली बारीक छिद्रं हाच या कुंडीचा सगळा गुण आहे. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं कुंडीतली जादा ओल भिंतीतून बाहेर पडते. रंगानं ती छिद्रं बुजली की मातीची कुंडी घेऊन उपयोग काय?

नवी कुंडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवावी. कोरडी कुंडी लावलेल्या रोपाच्या मातीतलं पाणी आधी स्वतःच पिऊन टाकते. बुडवल्यावर बराच वेळ बुडबुडे येत राहतात. ते थांबले की काढायची.

मातीसाठी मी तांबडी माती, गांडूळ खत, कोकोपीट आणि भाताचं तूस वापरते. आपल्याकडं भाताची गिरणी हुडकायला लांब जावं लागत नाही आणि तूस जवळजवळ फुकट मिळतं. ते अर्धवट जाळून काळं करून घातलं तर माती भुसभुशीत राहते आणि तूस लवकर कुजतही नाही. स्नेक प्लांट, झेडझेड, जेड आणि कोरफड यांना कोकोपीट अगदी थोडं, आणि त्याऐवजी विटांचा चुरा मूठ-दोन मूठ जास्त. पाणी धरून ठेवणं हे कोकोपीटचं कामच आहे. पावसाळ्यात या झाडांना तेच नको असतं.

आता खऱ्या परीक्षेबद्दल. स्नेक प्लांटच्या एकाच मोठ्या झुडपाचे भाग करून काही मातीच्या कुंडीत आणि काही प्लास्टिकमध्ये लावले होते. माती तीच, खोली तीच, पाणीही सारखंच मोजून. जुलैच्या मध्याला प्लास्टिकमधल्या एकाची पानं बुडाशी पिवळी पडून मऊ झाली, आणि ओढताच पान हातात आलं. मातीच्या कुंडीतली सगळी तरली. कारण समजून घेण्यासारखं आहे. स्नेक प्लांट जाड पानांत पाणी साठवतो आणि पानांवरची छिद्रं बहुतेक रात्रीच उघडतो, त्यामुळं त्याचं पाणी फार हळू खर्चतं. मुळं पाणी उचलत नाहीत, हवा ओली म्हणून माती वरून सुकत नाही, आणि प्लास्टिक कडेनं काही बाहेर सोडत नाही. मग मुळांभोवतीची हवा संपते आणि कूज लागते. मातीच्या कुंडीत निदान भिंतीतून तरी वाट असते. झेडझेडचंही असंच. त्याच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि पाणी त्यात भरून ठेवलेलं असतं. पावसाळ्यात मी त्याला महिन्यातून एकदा, तेही कपभर पाणी घातलं आणि तेवढं त्याला पुरलं. माजघरातल्या अंधारातसुद्धा त्यानं नवे कोंब काढले. कोंब वर येतो तेव्हा गुंडाळलेला, चकचकीत पोपटी असतो आणि दोन-तीन आठवड्यांत उलगडून गर्द हिरवा होतो. रोज उठून तो बघायचा नाद आता सासूबाईंनाही लागलाय.

नर्सरीत याच स्नेक प्लांटवर कुठं सान्सेव्हिएरिया तर कुठं ड्रॅसिना अशी चिठ्ठी दिसेल. 2017 पासून त्याला ड्रॅसिनात धरतात. झाड एकच आहे, दोनदा घेऊ नका.

मातीच्या कुंडीचा आणखी एक गुण मला आधी ठाऊक नव्हता, आणि आज तोच सगळ्यात आवडतो. कुंडी स्वतः सांगते. ओली असली की गडद विटकरी, सुकत आली की वरून खाली फिकट होत जाते. दोन तृतीयांश कुंडी फिकी झाली की स्पायडर प्लांटला पाणी, आणि पूर्ण फिकी होऊन वर आणखी आठवडा गेला की स्नेक प्लांटला. बोट खुपसून बघण्याची गरज फारशी पडत नाही. घरातल्या लहान मुलांनाही हे एकदा दाखवलं की पुरतं.

पावसाळ्याची दुसरी कटकट म्हणजे ओल्या मातीवर घोंगावणारी बारीक काळी चिलटं. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात वाढतात. तो थर सुकला की त्या मरतात, म्हणून मातीच्या कुंड्यांत ती कमी झाली. प्लास्टिकच्या कुंड्यांवर मी वाळूचा बोटभर थर दिला, तेव्हा कुठं आटोक्यात आली. जेडच्या पेरांत कापसासारखा पिठ्या ढेकूण आला होता. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून आठवड्याच्या अंतरानं फवारल्यावर गेला. फवारणी संध्याकाळी करावी, उन्हात केली तर पानं भाजतात.

थंडीबद्दल थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा तेरा-चौदापर्यंत उतरतो, वाढ थांबते. पाणी निम्म्यावर आणलं, खत बंद केलं, एवढंच. दोन्ही कुंड्यांत फरक जाणवला नाही.

उन्हाळ्यात मात्र पारडं फिरलं. मार्च संपता संपता कोरडा वारा सुटला की मातीची कुंडी सकाळी भिजवली तरी संध्याकाळी फिकी पडते. सिंगोनियमच्या पानांच्या कडा करपल्या आणि मनी प्लांट माना टाकू लागला. ही दोन्ही झाडं ओलाव्याची. मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचा. दमट हवेत झाडांच्या बुंध्यांवर चढणारा वेल. त्याला मी पुन्हा प्लास्टिकमध्ये आणलं आणि आठवड्यात तो ताजातवाना झाला. ज्यांच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण मातीची कुंडी उन्हाळ्यात दुप्पट पाणी मागते. मी तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी साठवून घालते. स्पायडर प्लांट मात्र मातीत टिकला. त्याची मुळं जाड, पाणी धरणारी. पहिल्या पावसानंतर घाटात उगवणाऱ्या सफेद मुसळीच्याच जातकुळीतलं हे झाड, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. त्याला लोंबणारी पिल्लं इतकी सुटली की गल्लीत वाटून झाली तरी उरली आहेत.

तक्रारीही आहेत. भरलेली मोठी कुंडी एकट्या बाईला हलत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणि घर वारंवार बदलणाऱ्यांनी लहान मापाच्याच घ्याव्यात. मातीची बशी खालून पाझरते आणि शहाबादी फरशीवर गोल डाग पडतो, तो घासूनही जात नाही. म्हणून खाली प्लास्टिकची किंवा स्टीलची ताटली हवीच. बोअरचं पाणी घालत असाल तर कुंडीवर क्षारांचे पांढरे पट्टे उमटतात. पाण्यात व्हिनेगर घालून काथ्यानं घासलं तर बरेचसे निघतात. परड्यातल्या कुंड्यांवर श्रावणात शेवाळ धरलं. मला ते देखणं वाटतं, घरच्यांना वाटत नाही.

हवा शुद्ध होते म्हणून कुणी ही झाडं घेत असेल तर एवढं सांगते. नासाचा 1989 चा तो गाजलेला प्रयोग बंद पेटीत केलेला होता. राहत्या घरात दारं-खिडक्यांतून येणारा वाराच त्याहून कितीतरी जास्त काम करतो, असं 2019 मध्ये जुन्या प्रयोगांची एकत्र फेरतपासणी झाली तेव्हा दिसलं. झाडं घ्यावीत ती त्यांच्यासाठीच. आणि मनी प्लांट, झेडझेड, सिंगोनियम यांची पानं चावली तर तोंडाची आग होते, तेव्हा रांगतं मूल किंवा मांजर असेल तर उंचावर ठेवा.

ब्रह्मकमळाची गोष्ट वेगळीच. अक्कांनी दोन वर्षांपूर्वी नुसतं एक पान दिलं होतं, "मण्णल्ली हाक री, बरतदे" (मातीत लावा, येतं) म्हणून. हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे. मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं. मुळं थोडी आवळलेली असली तर ते खुलतं आणि पाणी साचलेलं त्याला खपत नाही, म्हणून मातीच्या लहान कुंडीतच ठेवलं. श्रावणात त्याला कळ्या धरल्या. कळी आधी खाली लोंबते, मग मान वळवून वर येते आणि फुगते, तेव्हा ओळखावं की आज-उद्यात फुलणार. त्या संध्याकाळी अक्का, त्यांच्या सुना, समोरच्या काकू, सगळ्या सोप्यात जमल्या. नऊच्या पुढं पाकळ्या सुटू लागल्या आणि मध्यरात्रीपर्यंत वास दारापर्यंत गेला. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, अक्कांनी कन्नडमधून आरती म्हटली, मी सगळ्यांना चहा दिला. एका पानापासून एवढं होतं, हे बघण्यासाठी तरी प्रत्येकानं एक कुंडी लावावी असं मला मनापासून वाटतं.

कुणी आता सुरुवात करणार असेल तर मेअखेरचा, वळीव पडून गेल्यानंतरचा काळ कुंडी बदलायला उत्तम. हवा दमट झालेली असते आणि मुळं लवकर धरतात. स्नेक प्लांट, झेडझेड, कोरफड, जेड, स्पायडर आणि ब्रह्मकमळ मातीत लावा, मनी प्लांट आणि सिंगोनियम प्लास्टिकमध्ये. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटं रुंद असली की पुरे. खानापूरला जाणार असाल तर पावसाआधी जा, आणि येताना गाडीत पेंढा किंवा जुनी पोती घालायला विसरू नका, नाहीतर रस्त्याच्या हादऱ्यांनी कुंड्या एकमेकींवर आपटून कडा उडतात.