रेन अँड मार्टिनमधील क्लॉजची प्रकरणे : एक परीक्षण

इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक म्हटले की अनेक मराठी घरांत आजही पहिले नाव निघते ते ‘रेन अँड मार्टिन’चे. ब्रिटिश राजवटीत तयार झालेले आणि पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सुधारलेले हे जाडजूड पुस्तक शाळकरी मुलांपासून एमपीएससीची तयारी करणाऱ्यांपर्यंत सर्वांच्या टेबलावर असते. येथे विचार केला आहे तो केवळ क्लॉजच्या, म्हणजे मोठ्या वाक्याचा भाग असलेल्या उपवाक्याच्या, प्रकरणांचा, कारण मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची गाडी बहुधा तिथेच अडते.

या प्रकरणांचे खरे बळ म्हणजे, क्लॉजचा प्रकार त्याच्या पहिल्या शब्दावरून न ठरवता तो वाक्यात कोणते काम करतो यावरून ठरवावा, ही शिस्त ती अंगी बाणवतात. ‘व्हेन ही लेफ्ट’ हे तीन शब्द घ्या. ‘आय नो व्हेन ही लेफ्ट’ या वाक्यात ते ‘नो’ या क्रियापदाचे कर्म आहेत, म्हणून तो नाउन क्लॉज. ‘आय रिमेंबर द डे व्हेन ही लेफ्ट’ यात ते ‘डे’ या नामाविषयी माहिती देतात, म्हणून ॲडजेक्टिव्ह क्लॉज. आणि ‘वी वेअर ॲट डिनर व्हेन ही लेफ्ट’ यात ते वेळ सांगतात, म्हणून ॲडव्हर्ब क्लॉज. उदाहरणे माझी आहेत, पण पद्धत पुस्तकाची. नाउन क्लॉजची पाच कामे आणि ॲडव्हर्ब क्लॉजचे काळ, स्थळ, हेतू, कारण, अट इत्यादी आठ प्रकार इतके नेटके मांडले आहेत की, ज्याने मराठीत नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य यांचे वाक्यपृथक्करण मनापासून केले आहे, त्याला हा प्रदेश परका वाटत नाही.

अडचण येते ती ओळखण्यात नव्हे, रचण्यात. मराठीत ‘काल भेटलेला मुलगा’ असे म्हणून आपण नामाच्या आधीच सारे उरकतो. इंग्रजीत तो मजकूर नामाच्या मागे जातो आणि स्वल्पविराम द्यायचा की नाही, हा नवा प्रश्न उभा राहतो. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिल्यास भाऊ एकापेक्षा अधिक आहेत आणि त्यांतल्या पुण्याच्या भावाविषयी बोलणे चालले आहे, असा अर्थ निघतो. स्वल्पविराम दिल्यास भाऊ एकच. हा भेद पुस्तकात आहे, परंतु तो रिलेटिव्ह प्रोनाउनच्या, म्हणजे ‘हू’, ‘विच’ यांसारख्या संबंधी सर्वनामांच्या, प्रकरणात. ‘इफ यू विल कम’ ही आपल्या ‘जर तू येशील’वरून हमखास होणारी चूक (हवे ‘इफ यू कम’) टाळण्याचा नियमही आहे, पण तो काळांच्या प्रकरणात. एकाच विषयाचे असे तुकडे दूरदूर ठेवल्यामुळे ते जोडण्याचे काम विद्यार्थ्यावरच येऊन पडते, आणि शिक्षक हाताशी नसेल तर बहुतेकदा ते राहूनच जाते.

आणखी एक गोष्ट. ‘हॅविंग फिनिश्ड हिज वर्क’ यासारख्या रचनेला हे पुस्तक फ्रेज, म्हणजे नुसता शब्दसमूह, मानते, तर आधुनिक व्याकरणे तिला नॉन-फायनाइट क्लॉज, म्हणजे काळ न दाखवणाऱ्या क्रियापदरूपाचे उपवाक्य, म्हणतात. आपल्या परीक्षांत सहसा जुनीच परिभाषा चालते, तेव्हा त्या दृष्टीने बिघडत काही नाही. मात्र पुढे इंग्रजी भाषाविज्ञानाकडे वळणाऱ्याने हा फरक आधीच ध्यानात ठेवावा. उदाहरणवाक्यांवर जुन्या ग्रांथिक इंग्रजीची छाप आहे. मला ती वाचायला आवडते, पण आज ईमेल लिहिणाऱ्याने तिचा नमुना म्हणून उपयोग करू नये.

म्हणून प्रकरणे छापील क्रमाने न वाचता, आधी रिलेटिव्ह प्रोनाउन आणि काळ, मग क्लॉज, आणि लगेच सिंथेसिस, म्हणजे सुटी वाक्ये जोडून एक वाक्य करण्याचे स्वाध्याय, असा क्रम ठेवावा. माझ्या मते पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग हा सिंथेसिसचाच असून नेमका तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. पृथक्करणाचे तक्ते भरून पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी ‘व्हेअर ही इज’ऐवजी ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ असे बिनदिक्कत लिहून जातो, कारण त्याने क्लॉज नेहमी तयारच पाहिलेला असतो, स्वतः कधी बांधलेला नसतो.

स्वाध्यायांची उत्तरे मूळ पुस्तकात नाहीत. त्यांची ‘की’ वेगळी विकत मिळते. एकट्याने अभ्यास करणाऱ्याने तिचा खर्च आधीच धरावा. वर्गात शिकणाऱ्याला तिची गरज नाही.