‘नवा’ स्टेअरिंग बॉक्स: ५४,३०० रुपयांचा काळा रंग

आधी आकडा सांगून टाकतो, ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. ५४,३०० रुपये. त्यातले २०,००० ॲडव्हान्स, २६,५०० गाडी ताब्यात घेताना आणि ७,८०० दुसऱ्या फेरीला, म्हणजे मला अक्कल यायला हवी होती तेव्हा. गाडीचं खरं दुखणं पुढे दुसऱ्याच माणसाकडे ३,४५० रुपयांत बरं झालं.

गाडी आबांची, १९९६ची महिंद्राची एमएम ५४० जीप. मूळची साध्या स्टेअरिंगची. आबांचा खांदा धरायला लागला तेव्हा त्यांनी दुसऱ्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स (हातातलं चाक फिरवलं की टायर वळवणारी दात्यांची पेटी) आणि त्याला तेलाचा जोर देणारा पंप घेऊन पॉवर स्टेअरिंग बसवून घेतलं होतं. आबा गेल्यावर मी हौसेनं लांब शॅकल (पाटे चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकून गाडी दोन इंच उचलली, टायर जाड घातले. तेव्हापासून स्टेअरिंग एका बोटानं फिरायला लागलं. गल्लीत मजा वाटते. हायवेला सत्तरच्या पुढे गेलं की गाडी होडीसारखी डुलायची, शेजारून कंटेनर गेला की पोटात गोळा. वळण संपल्यावर चाक आपलं आपण सरळ यायला हवं, ते यायचं नाही, ओढून आणावं लागायचं.

हे सगळं मी त्या गॅरेजवाल्याला असंच्या असं सांगितलं. शॅकलचं, टायरचं, सगळं. रोगाचं मूळ मीच त्याच्या ताटात वाढलं आणि त्यानं ते बाजूला सारून माझ्या खिशाकडे बघितलं.

तिशीतला पोरगा, बोलायला गोड. जुन्या जीपा दुरुस्त केल्याचे त्याचे व्हिडिओ बघून मी गेलो होतो. बॉनेट उघडून पाच मिनिटं टॉर्च मारला आणि म्हणाला, “काका, बॉक्स गेलाय आणि पंपही गेलाय. दोन्ही बदलल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही.” मग गाडी कुणाची विचारलं. मी आबांचं सांगितलं. “मग तर इमानदारीनंच करायला पाहिजे.” या वाक्यावर मी विरघळलो, हे कबूल करतो.

एका कोऱ्या कागदावर त्यानं लिहून दिलं: इम्पोर्टेड बॉक्स २८,०००, पंप १२,०००, स्टेअरिंग डॅम्पर ३,५००, मजुरी ३,०००. एकूण ४६,५००. ना शिक्का, ना जीएसटी नंबर. ॲडव्हान्स यूपीआयनं पाठवला तर समोर नाव आलं एका बाईचं. “आईचं खातं आहे काका.” बरं, म्हटलं. यूपीआयवर गॅरेजचं नाव दिसत नसेल तर पैसे पाठवू नका, मग ती आई असो नाहीतर कुलदैवत.

आता मी अडाणी नाही हेही सांगायला हवं. २२ वर्षं एका कारखान्यात क्वालिटीला आहे. लोकांच्या मालात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. आलेल्या कास्टिंगवर केसाएवढी भेग दिसली तरी अख्खा लॉट परत पाठवतो. आणि मी साधा एक प्रश्न विचारला नाही: पंप खराब झाला तर स्टेअरिंग जड होतं, हलकं कसं होईल? पंप जोर लावतो म्हणून हात हलका राहतो. तो गेला तर हात भरून येतील. ही गोष्ट मला माहीत होती! माहीत असूनही त्या पोराच्या तोंडून ‘पंप गेलाय’ ऐकल्यावर मी मान डोलावली. का, ते आजही सांगता येत नाही. आबांची गाडी, रविवारची दुपार, त्यानं मागवलेला चहा, काय सांगू.

पण ज्या क्षणानं माझी झोप उडवली तो याच्या पुढचा आहे.

आठ दिवसांनी गाडी घ्यायला गेलो. बॉनेट उघडून त्यानं दाखवलं: काळाकुळकुळीत, चकचकीत बॉक्स. मी वाकून हात लावला तर बोटाला काळा रंग लागला. ओला. मी काय केलं? ते बोट पँटला पुसलं आणि म्हणालो, “अरे वा, नवाकोरा आहे.” रंगाचा एक ओघळ बॉक्सवरून खाली उतरून थेट चॅसीवर गेला होता. तो मला दिसला. डोळ्यांनी दिसला. बोल्टच्या डोक्यांवरही तोच रंग, कुठे पान्याचा एक ओरखडा नाही. नवा बॉक्स बसवायचा तर ते बोल्ट उघडून पुन्हा आवळावे लागतात. कारखान्यातून रंगून आलेल्या बॉक्सचा रंग माझ्या चॅसीवर कसा ओघळेल? कारखान्यात असा माल समोर आला असता तर मी सप्लायरला फोनवरच सोलला असता. इथे उरलेले २६,५०० मोजून दिले. जुना बॉक्स मागितला तर म्हणे भंगारवाला कालच घेऊन गेला. यावर मी चक्क “बरं झालं, अडगळ गेली” म्हणालो. बायको शेजारी उभी होती, ती म्हणाली, “अहो, पण पंपही दाखवला नाही त्यानं.” मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. ती आता हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी ऐकवते, आणि तिचा तो हक्क आहे.

गॅरेजच्या आवारात गाडी फिरवून बघितली तर स्टेअरिंग खरंच जड लागलं. खूश झालो. त्यानं काय केलं होतं, तर बॉक्सच्या डोक्यावर जो ॲडजस्टिंग स्क्रू असतो तो नको तेवढा आवळला होता. तो आतला प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढण्यासाठी असतो, स्टेअरिंग जड करण्यासाठी नव्हे. जास्त आवळला की आतले दात एकमेकांवर घासतात, चाक मधोमध अडखळतं आणि फिरवलं तिथेच चिकटून राहतं. ‘दोन आटे आवळून जड करून देतो’ म्हणणारा कोणीही भेटला तर किल्ली काढून घ्या आणि घरी जा.

पंधरा दिवसांनी साताऱ्याहून येत होतो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं एस वळण ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. पहिलं वळण घेतलं, हात सैल सोडला आणि चाक तसंच राहिलं. उलट बाजूला ओढून आणेपर्यंत शेजारच्या लेनमधल्या ट्रकनं हॉर्न मारला. मुलगी मागे बसली होती. त्याच्यापुढचं मला नीट आठवत नाही, गाडी बाजूला घेतली एवढं आठवतं.

तरी पुन्हा त्याच्याकडेच गेलो! ४६,५०० घातलेत, आता थोडक्यासाठी कशाला सोडा, हा विचार. तो म्हणाला, “नवा बॉक्स आहे काका, सेट व्हायला वेळ लागतो. प्रेशर जास्त येतंय, पंपाचा व्हॉल्व्ह बदलू.” ७,८००. दिले. यावर माझ्याकडे कसलंही समर्थन नाही.

शेवटी ऑफिसमधल्या एकानं एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी टायरची हवा बघितली: ४० पीएसआय. (ती कोणी भरली? मीच. मायलेजसाठी.) हवा जास्त म्हणजे टायर जमिनीला कमी टेकणार आणि हात अजून हलका होणार. २८ वर आणली. मग गाडीखाली शिरून कोन मोजला आणि बाहेर येऊन म्हणाले, “साहेब, स्टेअरिंगला काही झालंच नव्हतं. चाकाला घरी परत यायची सवय राहिली नाही.”

लांब शॅकल टाकल्यावर पुढचा ॲक्सल जरासा फिरतो, किंगपिनचं, म्हणजे ज्या खिळीवर चाक वळतं तिचं, वरचं टोक पुढे येतं आणि कॅस्टर, म्हणजे त्या खिळीचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. सायकलच्या पुढच्या फोर्कला जसा तिरकेपणा असतो तसाच हा, त्याच्यामुळेच चाक आपसूक सरळ येतं. माझ्या गाडीत तो अर्ध्या अंशावर आला होता. वर पॉवर स्टेअरिंगची मदत, त्यामुळे हाताला काही जाणवायचंच नाही. मिस्त्रींनी पाटे आणि ॲक्सलच्या मध्ये ४ अंशांच्या लोखंडी पाचरी घातल्या, यू बोल्ट नवे टाकले, बॉक्सचा स्क्रू जागेवर आणला. पाचरी आणि बोल्ट १,६००, मजुरी १,२००, अलाइनमेंट ६५०. पाचर घातली की पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा (पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो, म्हणून फोर व्हील टाकून थरथर येते का ते मला शेजारी बसवून तपासलं. जुन्या बॉक्सला अजून काहीही झालेलं नाही. हो, जुन्या. रंगाखाली आबांच्या काळचा पोचा निघाला, फ्लँजच्या कडेला. पंपाच्या ज्या नटातून ‘व्हॉल्व्ह बदलला’ त्याच्यावर तेलमातीचा थर तसाच होता. डॅम्पर तेवढा खरा नवा निघाला, पण डॅम्पर झटके शोषतो, चाक सरळ आणत नाही. आणि अलाइनमेंट करताना कॅस्टरचा आकडा छापून मागा. नुसता टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत तेवढं, सेट करून ‘झालं’ म्हणतात.

आता पोलीस. चौकीत तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा हवालदार म्हणाले, “काका, काम आवडलं नाही म्हणून गुन्हा दाखल होत नसतो.” मी म्हटलं, काम आवडलं नाही असं नाही, काम केलंच नाही! त्यांनी विचारलं, “पक्कं बिल?” आता फसवणारा पक्कं बिल देईल का हो? फसवणुकीचं कलम चारशेवीस आता नव्या कायद्यात ३१८ झालंय एवढंच मी घरून वाचून गेलो होतो, ते ऐकवल्यावर “मग तुम्हीच लिहा फिर्याद” असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच मागितली तर चेहरा असा केला की जणू मी त्यांची मोटारसायकल मागितली. दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. झालं.

एकानं सांगितलं, आरटीओत जा. गेलो. गॅरेज आमच्याकडे येत नाही म्हणाले, इथवर ठीक. मग त्या इसमानं चष्मा वर करून विचारलं, “पॉवर स्टेअरिंग कंपनीचं आहे का? आरसीवर बदलाची नोंद केलीय?” तक्रार करायला गेलेला माणूस आरोपी होऊन बाहेर आला. पर्यावरण कर भरून, पुनर्नोंदणीच्या रांगा लावून ही गाडी सांभाळतोय, आणि यांना माझ्याकडूनच कागद हवेत.

तुमच्यावर ही वेळ आली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पण ते मध्यस्थी करतात, वसुली नाही. खरी जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, पण २ वर्षांच्या आत जा. आणि गाडी सोडण्याआधी बॉक्सवर, पंपावर पंचनं आपली खूण ठोका आणि फोटो काढा. जुना भाग परत हवा हे अंदाजपत्रकावरच लिहून घ्या, नंतर मागितला तर भंगारवाला कालच येऊन गेलेला असतो.

मी तक्रार केली. पहिली नोटीस ‘पत्ता सोडून गेला’ असा शेरा घेऊन परत आली. गॅरेजच्या जागी आता कार वॉश आहे, आणि त्याचे व्हिडिओ दुसऱ्या नावानं सुरू आहेत, पार्श्वभूमीला तीच निळी भिंत. त्याचे स्क्रीनशॉट काढून जोडलेत. मिस्त्री मागच्या आठवड्यात म्हणाले, चॅसीवरचा तो काळा ओघळ रॉकेलनं पुसून टाकू का? नको म्हटलं, पुढच्या तारखेला त्याचा फोटो दाखवायचाय.