अनाईस अनाईस, बऱ्याच वर्षांनी: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगते, ही बाटली संपली की दुसरी घेणार. मात्र पहिली घेतली ती आठवणींपायी, आणि दुसरी घेईन ती निव्वळ वासासाठी. मधल्या महिन्यांत हे कसं पालटलं, ते लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: 'अनाईस अनाईस' हे कॅशरेल या फ्रेंच कंपनीचं १९७८ सालचं परफ्यूम. पांढरी अपारदर्शक बाटली, तिच्यावर फिकट रंगांतली फुलं. तरुण मुलींना डोळ्यांपुढे ठेवून काढलेलं आणि मोठ्या फॅशनघरांच्या परफ्युमांच्या मानानं खिशाला झेपणारं. रेव्हलॉनचं 'चार्ली' (१९७३), कोटीचं 'एक्स्क्लमेशन' (१९८८) आणि त्यांच्या कितीतरी आधीपासूनचं यार्डलीचं लॅव्हेंडर ही याच पंगतीतली. स्वतःच्या पैशांनी घेतलेली पहिली बाटली म्हटलं की कितीजणींना यांतलंच एखादं नाव आठवतं.

पहिले काही दिवस मी वास घेतच नव्हते, आठवणीच घेत होते. झाकण काढलं की वसतिगृहाची खोली, दोघींत मिळून घेतलेली बाटली, परीक्षेच्या सकाळी मनगटावर मोजून मारलेला एक फवारा. वासाची वाट मेंदूत आखूड असते. बाकी संवेदना आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या थांब्यातून जातात, वास मात्र नाकामागच्या गंधकंदातून जवळजवळ थेट भावनांशी आणि स्मरणाशी निगडित भागांत पोचतो. म्हणून तो विचारून येत नाही. माझे डोळे भरून आले, आणि त्यात मला काहीही वावगं वाटत नाही.

पण रोज लावायला लागल्यावर हा प्रभाव ओसरला. रोजच्या कामाचा, प्रवासाचा, घरातल्या गडबडीचा थर त्या वासावर चढत गेला आणि वसतिगृहाची खोली दिसेनाशी झाली. मला याचं खरंच वाईट वाटलं. फक्त आठवणींसाठी हे घेणाऱ्यांनी म्हणूनच ते रोज वापरू नये. क्वचित, ठरवून लावावं, म्हणजे तो जुना धागा टिकतो.

मी मात्र वापरत राहिले, आणि मग हे परफ्यूम पहिल्यांदा नीट कळलं. सुरुवात चक्क कडवट आहे. हायसिंथचं फूल आणि गॅल्बनम नावाचा झाडाचा डिंक यांचा हिरवा, ताजा देठ मोडल्यावर हाताला येतो तसा वास. मग हळूहळू पांढरी फुलं वर येतात: लिली, लिली ऑफ द व्हॅली, मागे थोडी जाई आणि हनीसकल. गोडवा आहे, पण फळांचा किंवा साखरेचा नाही. थोडी साबणाची स्वच्छता आहे. आणि तासा-दोन तासांनी तळातून जे येतं त्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती: लाकूड, किंचित धूप, चामड्याची एक कोरडी छटा. विशीत हा तळ माझ्या लक्षातच आला नव्हता. मुलींचं गोडगोड परफ्यूम म्हणून ज्याची बोळवण होते, त्याच्या खाली एवढं गंभीर काहीतरी आहे. मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, आणि संध्याकाळी मनगट नाकाशी नेते ती त्याच्यासाठी.

स्वस्त म्हणजे हलक्या प्रतीचं, हे फुलांच्या परफ्युमांबाबत तर मुळीच खरं नाही. लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलांतून परफ्यूमला पुरेल असं तेल काढताच येत नाही. तो वास परफ्यूमरला हायड्रॉक्सीसिट्रोनेलालसारख्या कृत्रिम रेणूंतून रचावा लागतो, मग बाटली महागडी असो की साधी. कोटीचं 'म्युगे दे ब्वा' (१९४१) परवडणारं होतं, परफ्यूमर एडमंड रूदनित्स्कांनी रचलेलं दिऑरचं 'दिऑरिसिमो' (१९५६) उंची होतं, पण फूल दोघांनीही असं रचूनच उभं केलं. फरक पडला तो रचणाऱ्याच्या हाताचा. आणि हात तरी वेगळे कुठे होते? 'एक्स्क्लमेशन' ज्यांनी केलं त्या सोफिया ग्रोजमन यांनीच इव्ह सां लोराँचं 'पारी' आणि लाँकोमचं 'त्रेझोर'ही केलं.

आता नेहमीचा प्रश्न: पूर्वीसारखंच आहे का? माझ्या नाकाला आजचं जास्त हलकं, जास्त पारदर्शक वाटतं. यात नाकाचं वयही धरायला हवं, वयाबरोबर गंधज्ञान मंदावतं. शिवाय या प्रकारच्या फुलांचे पूर्वी सर्रास वापरले जाणारे दोन रेणू युरोपीय महासंघात आता चालत नाहीत. त्वचेच्या ॲलर्जीमुळे लायरलवर २०२१ पर्यंत टप्प्याटप्प्यानं पूर्ण बंदी आली, आणि लिलिअल १ मार्च २०२२ पासून बंद झालं, कारण ते प्रजननक्षमतेला घातक ठरवलं गेलं. त्यामुळे लिली ऑफ द व्हॅलीच्या वासाची कितीतरी परफ्युमं नव्यानं रचावी लागली. कुणाच्या तरी त्वचेचा, आरोग्याचा प्रश्न असेल तर हा बदल मला मान्य आहे.

जुन्या बाटलीचा मोहही मी पुरवून पाहिला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनी, अर्धी भरलेली मागवली. वरचा हिरवा भाग पार बिघडला होता, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपकारा आला. अर्ध्या तासानं तळ मात्र सुरेख उमलला. संग्रहाची आवड असेल तर ठीक, अंगावर लावायला मी ती सुचवणार नाही. उष्णता, उजेड आणि बाटलीतली हवा या तिघांपुढे ताजे, वरचे वास आधी हरतात.

रोजच्या वापरात त्वचेवर चार-पाच तास राहतं, सुती कपड्यावर दुसऱ्या दिवशीही जाणवतं. दमट उकाड्यात दोन फवारे पुरे, तिसऱ्याला पांढरी फुलं जड होऊन डोकं धरतं. थंडीत हिरवेपणा जास्त वेळ टिकतो. लावल्यावर मनगटं चोळू नका, आपोआप सुकू द्या. बाटली अपारदर्शक असल्यानं किती उरलंय ते दिसत नाही, हलवून अंदाज घ्यावा लागतो. न्हाणीघरात ठेवू नका, कपाटात ठेवा. ज्यांना व्हॅनिला-कॅरमेलची सवय आहे त्यांनी आधी लहान नमुना लावून दिवसभर फिरावं, दुकानातल्या कागदी पट्टीवर फक्त तो कडवट आरंभ कळतो. मी पुढच्या वेळी लहानातली लहान बाटली घेणार आहे, ताजी असतानाच संपेल अशी.