टेस्टचे बटण दाबून निश्चिंत होणाऱ्यांसाठी

शिरोली एमआयडीसीतील माझ्या लहानशा फाउंड्रीत वाळूच्या मिक्सरची 10 एचपीची मोटर गेल्या महिन्यात जळाली, आणि ती जळू नये म्हणूनच बसवलेला ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त प्रवाह गेला की मोटर बंद पाडणारे उपकरण, शेवटपर्यंत ढिम्म हलला नाही. तो बनावट होता. बनावट माल कसा खपवला जातो हे आपल्याप्रमाणे मलाही ठाऊक होते, ही खरी लाजेची गोष्ट.

अधिकृत विक्रेत्याने एका रिलेचे 2,150 रुपये सांगितले होते. ओळखीच्या दुकानदाराने तोच 1,150 ला, कच्च्या पावतीवर दिला. तीन घेतले, 3,450 रुपये रोख मोजले. जीएसटी वाचला म्हणून खूश झालो, वास्तविक पक्के बिल घेतले असते तर तो मला वजावटीत परतच मिळाला असता. मात्र जुना रिले तुटला होता, दुसऱ्या दिवशी ओतकाम होते आणि त्या दुकानदाराकडून मी अकरा वर्षे माल घेत होतो.

तीन खोकी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा तिन्हींवर एकच अनुक्रमांक छापलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. "लॉट नंबर असेल," असे मीच इलेक्ट्रिशियनला म्हणालो! मग रिलेवरचे टेस्टचे लाल बटण दाबले, खट्कन आवाज आला, कॉन्टॅक्टर (मोटरचा वीजपुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच) सुटला आणि आम्ही निश्चिंत झालो. ते बटण फक्त यंत्रणा व संपर्क तपासते; जास्त प्रवाहाने तापून वाकणारी आणि रिले पाडणारी आतील द्विधातू पट्टी खरेच वाकते की नाही, हे त्यावरून कधीच कळत नाही.

मोटर स्टार-डेल्टावर (आधी स्टार, मग डेल्टा जोडणीने चालणारी; त्यात रिलेमधून एकूण प्रवाहाच्या 0.58 पटच जातो), नेमप्लेटवर 14.5 अँपियर, म्हणून रिले 0.58 पटीने 8.4 अँपियरवर लावला होता. एक फ्यूज उडाला आणि मोटर तीनपैकी दोनच फेजवर घुमत राहिली. रिवाइंडिंगवाल्याने झाकण उघडले तेव्हा एकाच फेजची वेटोळी कोळशासारखी काळी होती, बाकीची जवळपास कोरी. त्याने रिलेचे तिन्ही पोल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडून 15 अँपियर सोडले. चांगला रिले चार मिनिटांच्या आत ट्रिप व्हायला, म्हणजे पडायला हवा. हा दहा मिनिटांनीही नाही. नवा रिले घ्याल तेव्हा ही चाचणी आधी करून घ्या, नंतर नव्हे.

रिवाइंडिंग 8,600, बेअरिंग 1,300, चार दिवसांची बसून दिलेली मजुरी 11,200.

दुकानदार म्हणाला, "बिल दाखवा." पोलिस ठाण्यात सांगितले की हा दिवाणी व्यवहार आहे आणि ट्रेडमार्कची तक्रार कंपनीने करावी; कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला की माल आमचा नाही, मग आम्ही काय करणार; ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर, खरेदी धंद्यासाठी होती म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असे ऐकवले गेले, उपजीविकेसाठी स्वतः धंदा करणाऱ्याला त्या कायद्यात सूट आहे हे मीच त्यांना वाचून दाखवल्यावर पुन्हा बिल मागितले गेले. म्हणजे बनावट माल विकणारा मोकळा आणि पावती न घेणारा मी आरोपी! पक्के बिल घ्या, आणि त्यावर रिलेचा अनुक्रमांक लिहून घ्या.

उरलेले दोन रिले मी त्याच दिवशी उतरवले. दुकानात त्याच अनुक्रमांकाची खोकी परवापर्यंत फळीवर मांडलेली होती.