अँप्लिकॉन आर्किटेक्ट रिव्ह्यू: कॅन्सरमधला गोल डीएनए शोधायला एक नंबर, पण फिश (मायक्रोस्कोपखालची तपासणी) सोडू नका

बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये ट्यूमरचा व्होल जीनोम (पूर्ण डीएनए वाचलेला) डेटा हाताळणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. रेटिंग आधीच सांगते, ५ पैकी ४. अँप्लिकॉन आर्किटेक्ट हे फुकट सॉफ्टवेअर आहे (अकॅडमिक वापराला, कंपनीवाल्यांना वेगळं लायसन्स लागतं), युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सॅन दिएगोच्या विनीत बाफना यांच्या ग्रुपमधलं, विराज देशपांडे पहिले लेखक असलेला पेपर २०१९ ला नेचर कम्युनिकेशन्समध्ये आला होता.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. काही कॅन्सर पेशींमध्ये क्रोमोसोमपासून सुटलेले डीएनएचे गोल तुकडे असतात, त्यांना ईसीडीएनए (एक्स्ट्राक्रोमोसोमल डीएनए) म्हणतात, आणि त्यावर मिक, ईजीएफआर असे कॅन्सर वाढवणारे जीन बसलेले असतात. १९६५ मध्येच लहान मुलांच्या ट्यूमरमध्ये मायक्रोस्कोपखाली हे जोडीजोडीने दिसले होते, डबल मिनिट्स म्हणायचे. सेंट्रोमिअर (विभागणीत क्रोमोसोम जिथे धरून ओढला जातो ती जागा) नसल्यामुळे पेशी विभागली की हे समान वाटले जात नाहीत, एकीला खूप आणि दुसरीला जेमतेम, आणि मग औषध सुरू झालं की ज्या पेशीला फायद्याचा वाटा मिळालाय ती टिकते. २०१४ मध्ये ग्लिओब्लास्टोमावर (मेंदूचा कॅन्सर) दाखवलं होतं की एर्लोटिनिब (ईजीएफआर अडवणारं औषध) दिलं की ईजीएफआरचं बदललेलं रूप असलेले गोल कमी होतात आणि औषध थांबवलं की परत येतात! हे वाचल्यावर मला खरंच झोप लागली नव्हती, कारण कॅन्सर औषधाला दाद का देत नाही याचं इतकं थेट उत्तर मी आधी वाचलं नव्हतं.

आता टूलकडे. साधा शॉर्ट रीड (डीएनए छोट्या तुकड्यांत वाचलेला) व्होल जीनोम डेटा लागतो, ब्वा या प्रोग्रॅमने रेफरन्स जीनोमवर अलाइन केलेली (जागेवर बसवलेली) बॅम फाइल दिली की आधी सीएनव्हीकिट वगैरे टूलने कॉपी नंबर (कुठल्या भागाच्या किती प्रती आहेत) निघतो, मग ४.५ पेक्षा जास्त कॉपी आणि ५० केबीपेक्षा (५० हजार बेसपेक्षा) मोठे असे भाग सीड (शोधाची सुरुवात) म्हणून निवडले जातात, आणि त्याभोवती अँप्लिकॉन आर्किटेक्ट ज्या रीडच्या जोड्या नेहमीच्या अंतरात किंवा दिशेत बसत नाहीत त्या गोळा करून ब्रेकपॉइंटचा (डीएनए तुटून दुसरीकडे जोडला गेलाय त्या जागांचा) ग्राफ बांधतं. तुकड्याचं शेवटचं टोक त्याच्याच सुरुवातीला जोडलेलं दिसलं आणि तिथे कॉपीही तेवढ्याच चढलेल्या असल्या तर गोल असण्याची शक्यता जोरदार. डिफॉल्टला कव्हरेज १० एक्सवर (प्रत्येक जागा सरासरी १० वेळा वाचलेली) उतरवून चालवतं त्यामुळे फार खोल सिक्वेन्सिंग लागत नाही, ही बजेटवाल्यांसाठी मोठी गोष्ट आहे.

इन्स्टॉलेशन? एकेक टूल सुटं बसवत बसू नका, सरळ अँप्लिकॉनस्वीट पाइपलाइन घ्या, बसवायला कोंडा डॉकर सिंग्युलॅरिटी सगळे मार्ग आहेत, मोझेक या गणिती सॉफ्टवेअरचं लायसन्स लागतं पण अकॅडमिक ईमेलवर फुकट मिळतं, रेफरन्सचा डेटा रेपो वेगळा उतरवायचा. ज्यांच्याकडे सर्व्हर नाही त्यांनी जीनपॅटर्न या वेबसाइटवर चालवा, ब्राउझरमधूनच होतं.

रिझल्ट वाचताना मात्र नवीन लोक हमखास फसतात. सायकल्सची फाइल उघडली की सगळ्या ओळी गोलच आहेत असं वाटतं, पण ज्या ओळीत सेगमेंट शून्यापासून सुरू होऊन शून्यावर संपतात तो सरळ मार्ग आहे, गोल नाही. म्हणून हाताने ठरवू नका, अँप्लिकॉनक्लासिफायरला ठरवू द्या, तो ईसीडीएनए, बीएफबी (क्रोमोसोम वारंवार तुटून जुळल्याने झालेली वाढ), कॉम्प्लेक्स नॉन सायक्लिक आणि लिनियर असे गट पाडतो, कुठला जीन कशावर आहे तेही देतो. त्यानंतरही टूल देतं ते एसव्ही व्ह्यूचं चित्र डोळ्यांनी बघाच, कव्हरेजच्या पायऱ्या आणि जोडांच्या कमानी एकमेकांशी जुळतात का ते.

एक स्टार का कापला ते सांगते. गोल जर परत क्रोमोसोममध्ये घुसून ओळीने बसला (एचएसआर म्हणतात त्याला) तर शॉर्ट रीड्समध्ये तोच जोड दिसतो, टूलला फरक कळायला मार्ग नाही. एकाच पेशंटच्या ट्यूमरपासून आलेल्या कोलो३२०-डीएम आणि कोलो३२०-एचएसआर या दोन सेल लाइन बघा, दोन्हीत मिक भरपूर वाढलेला, पण मेटाफेजवर (विभागणीतल्या, क्रोमोसोम सुटे दिसणाऱ्या पेशींवर) फिश (जीन कुठे आहे ते चमकत्या खुणेने दाखवणारी तपासणी) केलं की पहिलीत मिकचे ठिपके सगळीकडे विखुरलेले आणि दुसरीत क्रोमोसोमवरच जाड पट्टा. हे फक्त मायक्रोस्कोप सांगतो. म्हणून "ईसीडीएनए आढळला" असं नुसत्या पाइपलाइनवरून पेपरात ठोकून देणं मला अजिबात पटत नाही, जिवंत पेशी हाताशी असतील तर फिश कराच, नसतील तर तसं स्पष्ट लिहा.

दुसरी अडचण आपल्याकडची जास्त आहे. बऱ्याच ठिकाणी एक्झोम (फक्त प्रथिनं बनवणारे भाग) किंवा जीन पॅनेलच (निवडक जीन) केलेलं असतं, आणि जोड बहुतेक जीनच्या बाहेर पडतात त्यामुळे त्या डेटावर हे टूल चालवण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या १ लाख जीनोम प्रकल्पातल्या १४,७७८ पेशंटवरचा २०२४ चा नेचर पेपर आला, १७.१ टक्के ट्यूमर सॅम्पलमध्ये ईसीडीएनए सापडला, ते व्होल जीनोम होता म्हणून शक्य झालं. आपल्या पेशंटचा असा डेटा मोठ्या प्रमाणावर हवा हे मी भेटेल त्याला सांगत असते.

आणि कोणी पेशंटचे नातेवाईक हे वाचत असतील तर, ही दवाखान्यात करून घ्यायची टेस्ट नाहीये, रिसर्चचं टूल आहे, यावरून औषध बदला असं डॉक्टरांना सांगू नका प्लीज.

ज्यांच्याकडे नॅनोपोर मशीनचे लाँग रीड्स आहेत त्यांनी बाफनांच्याच ग्रुपचं कोरल हे टूल वापरून बघा, गुंतागुंतीचे गोल जोडायला लांब रीड जास्त कामी येतात. बाकीच्यांनी आधी जीबीएम३९ या ग्लिओब्लास्टोमा सेल लाइनचा पब्लिक डेटा चालवा, तिथे ईजीएफआरचा जवळपास १.३ एमबीचा (१३ लाख बेसचा) गोल आहे हे माहीतच आहे, तो नीट निघाला की मग स्वतःच्या सॅम्पलला हात घाला.