एक्झेम्प्टिया ४० मिग्रॅ: औषध चांगलं, जपायचं ते वाटेत

रुमेटॉइड संधिवात मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधाने आटोक्यात येईना की डॉक्टर बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींमध्ये बनवलेलं प्रथिनाचं औषध, सुचवतात. त्यातलं अडालिमुमॅब आपल्याकडे आवाक्यात आणलं ते झायडस कंपनीच्या एक्झेम्प्टियाने. डिसेंबर २०१४ मध्ये आलेलं हे अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकशी मिळतंजुळतं औषध. दर दोन आठवड्यांनी एक सिरिंज, कातडीखाली. औषध आधीच भरलेलं, त्यामुळे मात्रा मोजायचा घोळ नाही. मेथोट्रेक्सेट मात्र परस्पर बंद करू नका. ते सोबत असलं की शरीर या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं कमी बनवतं आणि गुण टिकतो.

हे प्रथिन आहे, २ ते ८ अंशांतच राहायला हवं. मे महिन्यात ठाण्यात नौपाड्यातून निघालेलं पार्सल घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेत तापत राहिलं तर पैसे पाण्यात. घेताना खोका उघडून बघा: जेल पॅक कोमट असेल तर परत करा. दगडासारखा गोठलेला पॅक सिरिंजच्या खोक्याला थेट चिकटलेला असेल तरीही परत करा, कारण गोठण्यानेही प्रथिन बिघडतं. मध्ये कागदाची जाड घडी हवीच. एकदा गोठलेली सिरिंज नंतर कितीही नितळ दिसली तरी वापरू नये. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दार सतत उघडतं आणि सिंगल डोअर फ्रिजच्या चिल ट्रेमध्ये औषध गोठू शकतं, म्हणून त्या दोन्ही जागा टाळा.

टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, आग कमी होते. गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. द्रव गढूळ दिसला तर टोचू नका. मांडी किंवा पोट, बेंबीपासून दोन इंच दूर, दर वेळी जागा बदलून. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्यावर टोचलं की झोंबतं.

सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी मॅन्टू (त्वचेची चाचणी) किंवा टीबी गोल्ड (रक्ताची चाचणी) आणि हिपॅटायटिस बी या तपासण्यांत काटकसर नकोच. हे औषध टीएनएफ, म्हणजे शरीरात दाह वाढवणारं प्रथिन, दाबतं, आणि टीएनएफ दबला की शरीरात निपचित पडलेला टीबी उसळी घेऊ शकतो. आपल्याकडे ही भीती खरी आहे.

दोन-तीन केमिस्टकडे भाव विचारा, छापील किमतीवर बरीच सूट मिळू शकते. पण भावाआधी विचारा, घरी पाठवताना आइसबॉक्स देता का? ताप किंवा खोकला असेल त्या दिवशी इंजेक्शन थांबवून आधी डॉक्टरांना फोन करा.